एटकॉम : एमबीबीएसमधील वैद्यकीय नीती आणि रुग्णमनाचे शिक्षण

भारतातील एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना वृत्ती, वैद्यकीय नीती आणि रुग्णाशी संवाद शिकवणारा अनिवार्य पाठ्यक्रम. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘एटकॉम’ म्हणतात आणि महाविद्यालयांत तेच नाव रुळले आहे. वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणाऱ्या भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने 2018 मध्ये त्याची पुस्तिका काढली. ऑगस्ट 2019 च्या तुकडीपासून नव्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाबरोबर तो देशभर लागू झाला. सप्टेंबर 2020 मध्ये परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आला, तरी पाठ्यक्रम चालू राहिला. मूळ पुस्तिकेत 27 घटक आहेत. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, या प्रश्नांपासून सुरुवात होते. अखेरच्या टप्प्यात मृत्यूला सामोरे जाणे, औषध उद्योगाशी संबंध आणि वैद्यकीय हलगर्जीपणा हे विषय येतात.

त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी नीतीचा संबंध न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकातील एका प्रकरणापुरता होता. नोंदणीचे नियम, व्यावसायिक गैरवर्तन, न्यायालयातील साक्ष एवढे पाठ केले की विषय संपे. डॉक्टरने अडचणीत कसे येऊ नये हे त्यातून कळे. रुग्णाचे काय, हा प्रश्न बाजूलाच राही. अपवाद होते. 1963 मध्ये सुरू झालेल्या बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात नीतिशिक्षणाची जुनी परंपरा आहे. 1969 मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस गांधीजींच्या आश्रमातील शिबिरात जातात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. आजारी माणूस घरी कसा राहतो, हे तिथे व्याख्यानाआधी दिसते. मुंबईत 1993 मध्ये काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. तेच आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ म्हणून ओळखले जाते. लाच, कट प्रॅक्टिस (रुग्ण पाठवल्याबद्दल घेतलेले कमिशन), अनावश्यक शस्त्रक्रिया यांविषयी व्यवसायाच्या आतूनच बोलण्याची सोय त्यामुळे झाली.

पाठ्यक्रमाची पद्धत साधी आहे. एखादा प्रसंग मांडायचा, लहान गटांत त्यावर चर्चा करायची, मधल्या काळात विद्यार्थ्यांनी स्वतः वाचायचे आणि पुन्हा एकत्र बसून मत पक्के करायचे किंवा बदलायचे. 2019 च्या नियमांत पहिल्या टप्प्यासाठी 34 तास ठेवले होते. त्या टप्प्यातला सर्वांत जिवंत घटक मृतदेहाला पहिला शिक्षक मानण्याचा आहे. शरीररचनाशास्त्राच्या हॉलमध्ये विद्यार्थी देहदात्याप्रती आदराची शपथ घेतात, दात्याच्या कुटुंबाने काय दिले यावर बोलतात. सतरा-अठरा वर्षांची मुले तिथे प्रथमच मृत्यूच्या इतक्या जवळ उभी असतात. त्यांची भीती, मळमळ, उगाच केलेली थट्टा हीसुद्धा त्या तासाची सामग्री आहे. जो शिक्षक त्यावर बोलू देतो, त्याने नीती आणि मानसशास्त्र दोन्ही शिकवले असे समजावे.

पुढे जैवनीतीची चार तत्त्वे येतात : रुग्णाची स्वायत्तता, हित साधणे, अहित टाळणे आणि न्याय. अमेरिकी विचारवंत टॉम बीचम आणि जेम्स चाइल्ड्रेस यांनी 1979 मध्ये ती मांडली. परीक्षेत लिहायला ती सोपी आहेत, वॉर्डात अवघड. ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, ते खचतील,’ असे मुलगा दारातच अडवून सांगतो आणि आत बाबा सगळे ओळखून असतात. पाश्चात्त्य पुस्तकातील एकटा निर्णय घेणारा रुग्ण इथे क्वचित भेटतो. शेती विकून उपचार करणारे कुटुंब निर्णयात असतेच. म्हणून रुग्णाचा हक्क संपतो का? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडकोश आईच्या संमतीने काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान होती, तातडीची गरज नव्हती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. म्हणून आईची संमती ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला. चांगला शिक्षक हा निकाल सांगून थांबत नाही. ‘बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे? की मुलाशी बोलू?’ हा प्रश्न कसा विचारायचा, याचा सराव तो करून घेतो. माहिती नको म्हणणे हाही रुग्णाचाच निर्णय, फक्त तो त्याने स्वतः घ्यायला हवा.

महाराष्ट्रातील वर्गांत अरुणा शानबाग यांचे प्रकरण टाळता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. दयामरणाची याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली होती. ती 7 मार्च 2011 रोजी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने जीवनाधार काढण्याचा मार्ग उच्च न्यायालयाच्या परवानगीने तत्त्वतः खुला केला आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतकी वर्षे अंथरुणात असूनही परिचारिकांनी त्यांच्या अंगावर शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ दिले नव्हते. या प्रकरणावर मत द्यायला विद्यार्थी उत्सुक असतात, पण शुश्रूषेचे हे काम त्यांना आधी दाखवावे लागते. 2018 मध्ये न्यायालयाने, शेवटच्या आजारात जीवनाधार नको असे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्रालाही मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सुटसुटीत केली.

मानसशास्त्राला एमबीबीएसमध्ये स्वतंत्र पेपर नाही. मनोविकारशास्त्र वैद्यकशास्त्राच्या परीक्षेत सामावलेले आहे, आणि निरोगी मनाचे, भीतीचे, दुःखाचे शिक्षण एटकॉमच्या संवाद-घटकांतून जेवढे झिरपेल तेवढेच. ही या रचनेची मोठी उणीव आहे. आजाराला शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी पाहण्याचा आराखडा अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंजल यांनी 1977 मध्येच मांडला होता. 1984 मधील एका अमेरिकी अभ्यासात रुग्ण बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला तोडतात असे आढळले. आपल्याकडील गर्दीच्या ओपीडीत रुग्ण ‘जीव घाबरतो’ म्हणतो, तेव्हा त्यामागे हृदयविकार असेल, पंडुरोग असेल किंवा सासरचा जाच असेल. पहिले वाक्य पूर्ण होऊ दिले नाही तर तिन्ही निसटतात. वाईट बातमी सांगण्याची पायऱ्यांची पद्धत विद्यार्थी भूमिका-नाट्यातून शिकतात : बसायला जागा पाहायची, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारायचे, थोडे सांगून थांबायचे, रडू द्यायचे.

मग वॉर्ड सुरू होतो. फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातील 2009 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांची सहानुभूती तिसऱ्या वर्षी, म्हणजे रुग्णांशी खरा संबंध येतो तेव्हाच, घसरलेली दिसली. वॉर्डात कुणी न शिकवता जे शिकले जाते, त्याला शिक्षणतज्ज्ञ ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात. सकाळी गोपनीयतेवर तास झालेला विद्यार्थी दुपारी राउंडला जातो. तिथे रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने हाक मारली जाते, एचआयव्हीचा अहवाल दहा जणांसमोर मोठ्याने वाचला जातो आणि संमतिपत्रावर न वाचता सही घेतली जाते. दोन्हींपैकी कोणता धडा टिकतो, हे सांगायला नको. एटकॉमचे मूल्यमापन लॉगबुकातील सह्या आणि लेखी परीक्षेतील एखाद्या प्रश्नावर सोडल्यामुळे हा विरोध तपासलाच जात नाही. तास बहुधा प्रीक्लिनिकल, म्हणजे शरीररचनाशास्त्रासारख्या रुग्णांशी थेट संबंध नसलेल्या, विभागांवर पडतात. युनिटप्रमुखाने राउंडमध्ये पडदा ओढून घेतला, रुग्णाचे नाव घेतले, तर तो तास सर्वांत परिणामकारक ठरेल.

पाठ्यपुस्तकेही यातून सुटलेली नाहीत. कौमार्याच्या तथाकथित खुणांचे प्रकरण अवैज्ञानिक असल्याचा अहवाल सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातून गेल्यानंतर 2019 मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ते अभ्यासक्रमातून वगळले. बलात्कारपीडितेवरील दोन बोटांची चाचणी थांबवण्याचा आणि अभ्यासक्रम त्यानुसार तपासण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये दिला. तरीही आयोगाच्या ऑगस्ट 2024 च्या सुधारित मार्गदर्शिकेत समलैंगिक संबंध ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त परतले, टीका झाल्यावर आयोगाला ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली.

शिकणाऱ्यांच्या स्वतःच्या मनाची दखल उशिरा घेतली गेली. आयोगाच्या कृतिगटाने 2024 च्या अहवालात विद्यार्थ्यांमधील मानसिक ताण आणि आत्महत्येच्या विचारांची नोंद केली. निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांहून अधिक काम देऊ नये आणि एक दिवस सुट्टी द्यावी, असे त्यात सुचवले आहे. वॉर्डात विद्यार्थी ज्यांच्याकडे पाहून शिकतात, ते हेच निवासी डॉक्टर.