पोटातल्या पायाचे पंख

‘गोगलगाय नि पोटात पाय’ हे आपण साळसूद माणसांना उद्देशून म्हणतो. प्राणिशास्त्राने मात्र ते शब्दशः घेतलं: गोगलगायींच्या वर्गाचं नाव गॅस्ट्रोपोडा, म्हणजे उदरपाद. हा पोटाखालचा मांसल पाय सरपटण्यासाठी असतो. पण समुद्रातल्या काही गोगलगायींनी तळ सोडला आणि त्यांच्या पायाचेच दोन पंख झाले.

आर्क्टिक समुद्रातली लिमासिना हेलिसिना ही त्यांतलीच. शंख जेमतेम काही मिलिमीटरांचा. हिला सागरी फुलपाखरू म्हणतात. 2016 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी तिचं पोहणं टिपलं, तेव्हा हे नाव नुसतं लाडाचं नाही हे दिसलं. पाण्यातले बहुतेक चिमुकले जीव वल्हं मारतात, ही उडते! पंख माशीसारखे 8 च्या आकड्यात फिरतात. एका टोकाला ते एकमेकांना भिडतात आणि मग मिटलेलं पुस्तक उघडावं तसे उलगडतात. उघडत्या फटीत पाणी खेचलं जातं, पंखांच्या कडांवर भोवरे तयार होतात आणि शंखासकट तिला उचल मिळते. हीच युक्ती प्राणिशास्त्रज्ञ टॉर्केल वाइस-फो यांनी 1973 मध्ये एका इवल्याशा गांधीलमाशीत वर्णिली होती. एकीला हवा, दुसरीला पाणी. पण इतक्या लहान देहाला हवासुद्धा दाटच वाटते, म्हणून उपाय एकच निघाला.

पंख थांबले की शंखाचं वजन तिला खाली नेतं. धोका जाणवला तर ती नेमकं हेच करते.

धोका म्हणजे मुख्यतः क्लायोनी लिमासिना, तिचीच बिनशंखाची नातेवाईक. दिसायला काचेच्या परीसारखी, पंख एरवी सावकाश हलवणारी. भक्ष्य जवळ आलं की वेग वाढतो, डोक्यातून सहा शुंडके बाहेर पडतात आणि लिमासिना शंखातून ओढून काढली जाते. परी हे नाव कुणी दिलं कोण जाणे. तिचं जेवण पाहून तरी दिलेलं नसावं.

अरबी समुद्रातही आढळणारी जांभळी गोगलगाय जॅन्थिना याच पायाचा वेगळाच उपयोग करते. तिला पोहता येत नाही. पृष्ठभागावरची हवा पायाने पकडून ती चिकट स्रावात बुडबुडे गुंडाळते आणि त्या तराफ्याला उलटी लटकून वाऱ्यावर वाहत जाते. तराफा सुटला तर मात्र ती बुडते, आणि हवेशिवाय खाली नवा बांधता येत नाही.