गुडघेबदलानंतरच्या सुधारणेचा मागोवा

झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम गुडघा बसवल्यावर रुग्ण कितपत सावरतो आहे, हे ठरलेल्या टप्प्यांवर तपासून, मोजून आणि त्याला विचारून नोंदवत जाण्याची पद्धत. हे टप्पे रुग्णालयागणिक थोडे बदलतात. साधारणपणे दोन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि पुढे काही वर्षांच्या अंतराने तपासणी होते. खरी सुरुवात मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच व्हावी लागते. आधी गुडघा किती वाकत होता, किती दुखत होता, माणूस किती जिने चढत होता याची नोंद नसेल, तर नंतरच्या आकड्यांची तुलना करायला काहीच उरत नाही. घाईत हीच नोंद सर्वाधिक वेळा राहून जाते.

पहिल्या काही आठवड्यांत लक्ष असते जखमेवर, तापावर आणि पोटरीवर. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरात दाह झाला की वाढणारे एक प्रथिन, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेलेच असते, त्यामुळे एकटा आकडा फारसे सांगत नाही. तो उतरत जातो आहे की उतरून पुन्हा चढतो आहे, हे महत्त्वाचे; पुन्हा चढला तर जंतुसंसर्गाचा शोध घेतात. गुडघ्याला थोडी सूज आणि ऊब मात्र काही महिने राहू शकते आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नसते.

गुडघा किती वाकतो हे गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या दुहेरी पट्टीने, पाहतात. सपाट जमिनीवर चालायला सुमारे ६५ अंश पुरतात; जिना चढायला, खुर्चीतून उठायला ९० अंशांच्या आसपास लागतात. घरोघरी चर्चा होते ती ‘किती वाकतो’ याची. ‘पूर्ण सरळ होतो का’ हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. पाय पाच-दहा अंश वाकलेलाच राहिला तर चाल लंगडी होते आणि मांडीचे स्नायू लवकर थकतात. घरची माणसे मायेने गुडघ्याखाली उशी ठेवतात. तिने बरे वाटते, पण पाय सरळ होण्यात तीच आड येते. म्हणून फिजिओथेरपिस्ट उशी टाचेखाली ठेवायला सांगतात. काही आठवडे व्यायाम करूनही गुडघा ९० अंशांपर्यंत पोहोचत नसेल, तर भूल देऊन तो वाकवण्याचा विचार होतो.

कोनापेक्षा ताकद उशिरा परत येते. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्याहूनही कमी झालेली आढळते. ती जोखण्याच्या चाचण्या साध्या आहेत : खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, सहा मिनिटांत किती अंतर चालून होते. इथे एक लक्षात घेण्याजोगी विसंगती दिसते. जुनी वेदना गेलेली असल्याने रुग्ण ‘पुष्कळ बरे आहे’ म्हणतो, आणि त्याच वेळी चाचणीत तो शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा हळू चालत असतो. दोन्ही खरे असते. म्हणून एकावर भागत नाही.

रुग्णाच्या तोंडून ऐकण्याला शिस्त लावली ती प्रश्नावल्यांनी. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’मध्ये बारा प्रश्न आहेत : रात्री दुखते का, एकट्याने बाजारहाट जमते का, गुडघा अचानक दगा देईल असे वाटते का. आजच्या पद्धतीत शून्य ते ४८ गुण मिळतात आणि ४८ म्हणजे उत्तम. त्याच वर्षीची ‘कूस’ (KOOS) ही प्रश्नावली ४२ प्रश्नांची आहे. २०१२ च्या ‘फरगॉटन जॉइंट स्कोअर’ची कल्पना वेगळी आहे : आपल्या पायात कृत्रिम सांधा आहे याचा विसर किती पडतो, हे ती विचारते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने एप्रिल २००९ पासून गुडघेबदलाच्या रुग्णांना आधी आणि सहा महिन्यांनी अशा प्रश्नावल्या द्यायला सुरुवात केली.

यामागचा विचार जुना आहे. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आग्रह धरला, की प्रत्येक रुग्णाचा मागोवा उपचार यशस्वी झाला की नाही हे कळेपर्यंत घ्यावा. सहकाऱ्यांना तो रुचला नाही. पुढे स्वीडनने १९७५ मध्ये गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ मध्ये तसेच झाले. या नोंदवह्यांचा मुख्य मापदंड म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली का. तो पक्का आहे, पण अपुरा. रोज कण्हत चालणारा, तरीही पुन्हा टेबलावर न गेलेला रुग्ण त्यात यशस्वी ठरतो. ब्रिटन आणि कॅनडातील मोठ्या पाहण्यांत पाचांतला जवळपास एक रुग्ण पूर्ण समाधानी नसल्याचे दिसले, ते रुग्णांनाच विचारल्यामुळे.

महाराष्ट्रात या प्रश्नावल्या वापरताना एक उणीव जाणवते. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे, पूजेला पाटावर बसणे, देशी संडास वापरणे यांवर आपला दिवस उभा असतो, आणि पाश्चात्त्य प्रश्नावल्या गुडघे टेकण्यापलीकडे जमिनीपर्यंत क्वचितच येतात. बहुतेक डॉक्टर अशा बैठकी टाळायलाच सांगतात, म्हणून रुग्णाने त्या सोडल्या की जमत नाहीत म्हणून सुटल्या, हे वेगळे विचारून लिहून घेतले पाहिजे. शेतावर परतणाऱ्या बाईला १२० अंश गुडघा वाकूनही खुरपणीला बसता येत नसेल, तर तिच्या लेखी बरे होणे अर्धेच राहते.

अलीकडे मनगटी घड्याळे आणि फोनवरून पावले व चालण्याचा वेग मोजला जातो. २०२१ मध्ये अमेरिकेत नडगीच्या हाडात बसणारा, चालीची माहिती आतूनच पाठवणारा संवेदक असलेला कृत्रिम गुडघाही मंजूर झाला.

वर्षभरानंतर बहुतेक रुग्ण तपासणीला येणे सोडतात, कारण दुखत नसते. सांधा सैल होणे किंवा त्याच्या भोवतालचे हाड विरघळणे सुरुवातीला दुखतही नाही. ते एक्स-रेमध्ये आधी दिसते, आणि त्यासाठी जुना एक्स-रे शेजारी ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्यांवरून २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार संपूर्ण गुडघेबदलातील सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात.