वितळणारी नको, विरघळणारी सपोझिटरी हवी तेव्हा

उलट्या थांबत नसतील, रुग्ण बेशुद्ध असेल किंवा बाळाला गोळी गिळता येत नसेल, तेव्हा गुदद्वारावाटे औषध देणं हा मोठा आधार असतो. त्यासाठीच्या सपोझिटरीत, म्हणजे आत सरकवायच्या औषधी कांडीत, औषध बहुधा थोडंसंच असतं, बाकी सगळा बेस, म्हणजे औषध ज्यात मिसळतात तो पदार्थ. औषध वेळेवर सुटेल की आतच अडकून राहील, हे बरंचसं या बेसवर ठरतं.

कोको बटर हा जुना, सौम्य बेस. साधारण ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या उष्णतेनं तो वितळतो. पण उन्हाळ्यात तो कपाटातही वितळतो. शिवाय तेलात रमणारं औषध वितळलेल्या चरबीतच रेंगाळतं, बाहेर यायला मागत नाही. अशा औषधासाठी पाण्यात विरघळणारा बेस निवडावा, हा साधा नियम मला फार मोलाचा वाटतो.

या बेसमध्ये सर्वात कामाची मॅक्रोगोल, म्हणजेच पॉलिइथिलीन ग्लायकॉल. नावापुढचा आकडा त्यांचा सरासरी रेणुभार सांगतो. ४०० चं मॅक्रोगोल द्रव असतं, १००० च्या पुढची मेणासारखी घट्ट, तर ४००० आणि ६००० ची चांगलीच कडक. खरं कसब आहे ते यांच्या मिश्रणात. कडक मॅक्रोगोल वाढवलं की सपोझिटरी उन्हात टिकते, पण औषध सावकाश सुटतं. हलकं वाढवलं की लवकर विरघळते, पण मऊ पडते. मिश्रणाचा वितळणबिंदू मुद्दाम ३७ अंशांच्या वर ठेवतात, कारण या सपोझिटरीला वितळायचं नसतंच, विरघळायचं असतं.

अडचण आहे ती पाण्याची. गुदाशयात द्रव असतो जेमतेम दोन-तीन मिलिलिटर. मॅक्रोगोल पाणी ओढून घेतं, ते आतल्या नाजूक अस्तरातून. मग आग होते, शौचाची भावना होते आणि औषध शोषलं जाण्याआधीच सपोझिटरी बाहेर पडू शकते. म्हणून काही वेळा मिश्रणातच थोडं पाणी घालतात आणि घालण्याआधी सपोझिटरी पाण्यात बुडवून ओली करायला सांगतात. हे क्षणाचं काम आहे, पण रुग्णाचा त्रास खरोखर वाचतो. सांगायला विसरू नये.

ग्लिसरीन-जिलेटिनचा बेसही पाण्यात मिसळतो. जिलेटिन साधारण २० भाग, ग्लिसरीन ७०, पाणी १०. तो लवचीक असतो आणि सावकाश विरघळतो, म्हणून योनीमार्गाच्या औषधांना जास्त सोयीचा. मात्र ओलाव्यामुळे त्यावर बुरशी धरते, आणि टॅनिक आम्ल जिलेटिनशी जुळत नाही. ग्लिसरीनचा स्वतःचा रेचक परिणाम असतो, हेही लक्षात ठेवावं लागतं.

साच्याचा हिशेबही बदलतो. ज्या साच्यात १ ग्रॅम कोको बटर मावतं, त्यातच ग्लिसरीन-जिलेटिनचा बेस सुमारे १.२ ग्रॅम मावतो. हे न पाहता ओतलं तर प्रत्येक सपोझिटरीतल्या औषधाची मात्रा चुकते.

मॅक्रोगोल सर्वांशी जुळवून घेतं असंही नाही. ॲस्पिरिन त्यात हळूहळू विघटित होऊन सॅलिसिलिक आम्ल तयार होतं. पॉलिस्टायरीनच्या डबीलाही मॅक्रोगोल मऊ करतं, त्यामुळे अशा सपोझिटरी काचेच्या बरणीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात द्याव्या लागतात.