लेहची विरळ हवा आणि मेहर सिंग

२४ मे १९४८. काश्मीरसाठी भारत-पाकिस्तान युद्ध चालू होतं. भारतीय हवाई दलाचे एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला डाकोटा हे मालवाहू विमान उतरवलं. त्याआधी तिथे एकही विमान उतरलं नव्हतं. कारगिल हातचं गेलं होतं, झोजी ला खिंडीची वाट तुटली होती आणि लेह राखायला मोजकेच सैनिक होते. सिंधूकाठची कच्ची धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने तयार करून घेतली होती. विमानात भारतीय सेनेचे मेजर जनरल थिमय्या स्वतः होते.

या उड्डाणाबद्दल बोलताना लोक बर्फाच्या शिखरांबद्दल भरभरून बोलतात. मला मात्र खरी कसोटी पट्टीवर चाकं टेकण्याआधीच्या मिनिटाभरात दिसते.

लेहची पट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १०,७०० फुटांवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ७२ टक्के. पंखाला मिळणारी उचल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरते, म्हणजे विरळ हवेत तेवढंच वजन पेलायला विमानाला जास्त वेगाने जावं लागतं. गंमत अशी की कॉकपिटमधला वेगाचा काटा हे दाखवतच नाही. पुढून नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब मोजून तो वेग सांगतो, आणि विरळ हवेत दाबही कमीच भरतो. समजा, काटा ताशी १४५ किलोमीटर दाखवतोय. वारा नसेल तर लेहला विमान प्रत्यक्षात १७० च्या आसपास धावत असतं.

पंखांच्या दृष्टीने सगळं ठीक असतं, पण खिडकीबाहेर जमीन भलत्याच वेगाने मागे पळताना दिसते. मन म्हणतं, वेग कमी कर. ते ऐकलं तर उचल तुटते आणि विमान पट्टीच्या अलीकडेच कोसळतं. त्या क्षणी डोळ्यांना गप्प बसवून काट्यावर विसंबावं लागतं. वर ब्रेक लावून थांबायला अंतरही जवळपास ४० टक्के जास्त लागतं.

त्यात डाकोटाची केबिन हवाबंद नव्हती. शिखरं ओलांडायला वीस हजार फुटांच्या आसपास चढावं लागतं, आणि तिथे हवेचा दाब निम्म्याहूनही कमी होतो. प्राणवायू कमी पडला की आधी निर्णयशक्ती मंदावते, आणि ज्याची मंदावते त्याला आपण अगदी ठणठणीत आहोत असंच वाटत राहतं. म्हणून ही उणीव फार घातक.

मेहर सिंग मुरलेले वैमानिक होते. १९४४ मध्ये, ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या कामगिरीसाठी त्यांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळालेले भारतीय हवाई दलाचे ते एकमेव अधिकारी. काश्मीरमधल्या कामगिरीबद्दल पुढे महावीर चक्र मिळालं.

परतीचं उड्डाणही सोपं नसतं. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, प्रोपेलरची ओढ घटते, आणि हवेत उठायला वेग मात्र जास्त हवा. ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते, दुपारी वारेही सुटतात. आजची जेट विमानंसुद्धा लेहला बहुतेक सकाळीच ये-जा करतात, ती याच कारणांनी.