आनुवंशिक स्तनकर्करोग : रसायनोपचाराला प्रतिसाद

स्तनकर्करोगाच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत रोगाचे मूळ आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषात असते. बीआरसीए-१ (१७ वे गुणसूत्र, १९९४ मध्ये विलग) व बीआरसीए-२ (१३ वे गुणसूत्र, १९९५) ही त्यांतील प्रमुख जनुके. डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यास ते बिनचूक सांधण्यास ही जनुके लागतात. वाहकाच्या, म्हणजे असा दोष वारशाने मिळालेल्या व्यक्तीच्या, प्रत्येक पेशीत त्या जनुकाची एक प्रत सदोष असते. गाठीत बहुधा दुसरीही निकामी झालेली आढळते. सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन ही प्लॅटिनमयुक्त औषधे डीएनएत बंध निर्माण करतात, त्यांतील काही दोन्ही धाग्यांना एकमेकांशी जखडतात. प्रतिकृतीचे काम तिथे अडते व डीएनए तुटतो. निरोगी पेशी उरलेल्या प्रतीवर निभावून नेते, गाठीतील पेशीला ते जमत नाही.

एवढ्यावरून वाहकांत प्लॅटिनम रूढ औषधांहून सरस ठरते का, हा वाद आहे. पोलंडमधील २०१० च्या अहवालात शस्त्रक्रियेपूर्वी सिसप्लॅटिन घेतलेल्या १२ बीआरसीए-१ वाहकांपैकी १० जणींच्या काढलेल्या स्तनात व काखेतील लसिका-ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली आक्रमक कर्करोग उरला नव्हता. मात्र रुग्ण थोडे होते आणि औषधांची वाटणी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नव्हती. यादृच्छिक वाटणी केलेल्या, वाहकांवरील अमेरिकेतील चाचणीत (२०२०) असा पूर्ण प्रतिसाद सिसप्लॅटिनने १८ टक्के, तर डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइड या जुन्या जोडीने २६ टक्के रुग्णांत मिळाला. ही जोडीही डीएनएलाच इजा करते, हे उत्साहाच्या भरात विसरले गेले असावे. पसरलेल्या रोगात चित्र वेगळे दिसते : ब्रिटनमधील चाचणीत (२०१८) वाहकांपैकी ६८ टक्क्यांत कार्बोप्लॅटिनने, तर ३३ टक्क्यांत डोसेटॅक्सेल या रूढ औषधाने गाठी आकसल्या, वाहक नसलेल्यांत असा फरक आढळला नाही. तेव्हा आरंभीच्या रोगात प्लॅटिनम गुणकारी खरे, पण रूढ औषधांहून सरस नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पार्प या डीएनए-दुरुस्तीला मदत करणाऱ्या विकराला रोखणारी औषधे (पार्परोधक) गाठीतील पेशींच्या याच दुबळेपणाचा फायदा घेतात (२००५ पासूनचे संशोधन). त्यांतील ओलापॅरिबची गोळी शस्त्रक्रिया व रसायनोपचारानंतर वर्षभर दिल्यास अधिक जोखमीच्या वाहकांत रोग उलटण्याचे प्रमाण घटते, असे २०२१ मध्ये दिसून आले.

प्रतिसाद टिकतोच असे नाही. गाठीतील सदोष जनुकात नवे उत्परिवर्तन होऊन त्यातील संकेत पुन्हा नीट वाचला जातो, दुरुस्ती सुरू होते आणि प्लॅटिनम व पार्परोधक दोन्ही निष्प्रभ ठरू शकतात; २००८ मध्ये याचा उलगडा झाला.