होल्स्टर, महिलांचे

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगण्यासाठी वापरले जाणारे चामडी, कापडी वा प्लॅस्टिकचे आवरण. पोलिसांच्या बोलण्यात ‘पिस्तूल कव्हर’ असाही शब्द येतो. चाप आणि त्याभोवतीचे कडे पूर्ण झाकणे, धावता-वाकताना शस्त्र जागचे हलू न देणे आणि हात जाताच मूठ नेमकी पकडीत येणे, ही होल्स्टरची मुख्य कामे. ती नीट पार पडूनही होल्स्टर दिवसभर अंगावर सहन होईलच असे नाही. महिलांच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते, कारण प्रचलित होल्स्टरांची मापे पुरुषी बांध्यावर बेतलेली आहेत. नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्यातील उपनिरीक्षक तेथे घडतात आणि दीक्षान्त संचलनात सर्वोत्कृष्ट प्रशिक्षणार्थीला मानाचे रिव्हॉल्व्हर दिले जाते. साहजिकच गणवेशातील महिला आणि कमरेचे शस्त्र यांची गाठ या शहरात दरवर्षी नव्याने पडते.

पूर्वपीठिका : होल्स्टरचा उगम घोड्याच्या खोगिरात आहे, याविषयी फारसे दुमत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय घोडदळातील स्वार चाकाच्या चापाची (चाक फिरून ठिणगी पाडणारी) पिस्तुले खोगिराच्या पुढच्या बाजूस, बहुधा जोडीने, चामडी नळकांड्यांत ठेवीत. १८३६ मध्ये कोल्टच्या रिव्हॉल्व्हरला अमेरिकेत पेटंट मिळाले. त्यानंतरच्या दोन दशकांत शस्त्र खोगिरावरून कमरेवर आले. कमरेच्या होल्स्टरचा पहिला नमुना नेमका कोठला, यावर मात्र एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील १८५० नंतरच्या निमुळत्या, उघड्या तोंडाच्या नमुन्याला काही अभ्यासक अग्रमान देतात, तर काही जण लष्करी झडपेच्या (वरून झाकण असलेल्या) होल्स्टरला.

भारतातील पोलिसी होल्स्टरची परंपरा ‘सॅम ब्राऊन’ पट्ट्याशी जोडलेली आहे. सॅम्युएल ब्राऊन (१८२४–१९०१) हा पंजाबच्या अनियमित घोडदळातील अधिकारी. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलिभीतजवळील सिरपुरा येथील चकमकीत तोफेवर चाल करताना त्याचा डावा हात तुटला आणि या लढाईबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळी तलवारीचे म्यान डाव्या हाताने सावरावे लागे. तो हातच गेल्याने ब्राऊनने रुंद कंबरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून तिरका पट्टा जोडला, म्यान जागेवर अडकवले आणि उजव्या बाजूस झडपेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवले, अशी रूढ कथा आहे. ती सरसकट स्वीकारणे अवघड आहे. खांद्यावरून तिरका पट्टा घेऊन त्याला तलवार लटकवण्याची रीत युरोपात आणि हिंदुस्थानात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पट्टा सैन्यात अधिकृत होण्यासही बराच काळ जावा लागला आणि हा टप्पा साधारणतः दुसऱ्या अफगाण युद्धाच्या (१८७८–८०) आसपासचा मानला जातो. म्हणून तिरक्या पट्ट्याच्या कल्पनेपेक्षा तो कंबरपट्ट्याशी जोडून तलवार व पिस्तूल यांचे वजन एकाच साजावर आणण्याचे श्रेय ब्राऊनला देणे अधिक सयुक्तिक वाटते. आरामाच्या दृष्टीनेही महत्त्व याच भागाला आहे : तिरका पट्टा कमरेवरचा काही भार खांद्यावर घेतो. समारंभाच्या गणवेशात महिला अधिकारीही हा पट्टा वापरतात, पण तो छातीवरून तिरका जात असल्याने बक्कल कोठे येते याकडे लक्ष द्यावे लागते.

नाशिकच्या अकादमीचा इतिहासही याच वसाहती घडणीतला. पोलीस प्रशिक्षणाची शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्डे येथे सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला आली.

महिलांसाठीच्या शस्त्रसाजाचा इतिहास तुटक आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय स्त्रिया थंडीत हात घालण्याच्या फरच्या नळीत छोटे पिस्तूल ठेवीत आणि अशा पिस्तुलाला ‘मफ पिस्तूल’ म्हणत. १९८९ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने महिलांसाठी शस्त्रांची ‘लेडीस्मिथ’ मालिका आणली. भारतात जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणले. त्याची किंमत तेव्हा सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती आणि ते दागिन्याच्या डबीसारख्या पेटीतून मिळे. या साऱ्या प्रयत्नांत शस्त्र हलके व देखणे करण्यावर भर दिसतो, ते अंगावर कोठे आणि कसे बसेल याचा विचार कमी. वजन कमी झाल्याने कमरेला विसावा मिळतो हे खरे, पण मूठ बरगडीत रुतत असेल तर ५०० ग्रॅमही नकोसे होतात.

बांधा व बैठक : पट्टा कमरेवर, म्हणजे शरीराच्या अरुंद भागावर, बसतो. त्याखाली पुरुषाचा नितंब साधारण सरळ उतरतो, त्यामुळे नळी खाली उभी लटकते. स्त्रीच्या शरीरात कंबर व नितंब यांच्या घेरात फरक अधिक असतो. होल्स्टरचे खालचे टोक नितंबाच्या उंचवट्यावर टेकते आणि बाहेर ढकलले जाते. तरफेच्या न्यायाने वरची मूठ आत कलते व बरगड्यांवर दाबली जाते. त्यात स्त्रियांचे धड तुलनेने आखूड आणि पँटची कंबर बहुधा उंच. परिणामी मूठ काखेच्या दिशेने चढते, शस्त्र काढताना कोपर खांद्याच्या वर न्यावे लागते आणि नळी होल्स्टरच्या तोंडातून पुरती सुटत नाही. पहिल्या काही दिवसांतच उजव्या बरगडीखाली लाल वळ उमटतो. तो पट्टा घट्ट केल्यामुळे आला असे समजून बरेचदा पट्टा सैल केला जातो. मग शस्त्र डुलू लागते आणि त्रास वाढतो.

यावर उपाय म्हणजे ‘ड्रॉप-ऑफसेट’ होल्स्टर. यात होल्स्टर पट्ट्याच्या पातळीखाली काही अंतर उतरवलेले आणि शरीरापासून थोडे बाहेर काढलेले असते. मधल्या जोडपट्टीचा कोन स्क्रूने बदलता येत असेल तर उत्तम, कारण दोन स्त्रियांच्या नितंबांचा उतार क्वचितच सारखा असतो. मात्र फार खाली उतरवलेले होल्स्टर मांडीवर आपटते आणि धावताना त्रास देते, म्हणून मूठ साधारण पट्ट्याच्या रेषेत किंवा किंचित वर राहील इतकेच उतरवावे. नळीचे तोंड मागे व मूठ पुढे असा सुमारे १५ अंशांचा कल दिल्यास मनगट न वाकवता पकड मिळते. जुनी झडपेची होल्स्टरे पट्ट्याच्या लूपला सैल लटकत. ती आज कालबाह्य ठरवली जातात, पण जीपमध्ये किंवा खुर्चीत तासन्‌तास बसावे लागणाऱ्या महिलेला ती कित्येक आधुनिक उंच होल्स्टरांपेक्षा सुसह्य वाटू शकतात. त्यांचा खरा दोष शस्त्र काढण्यातील दिरंगाई हा आहे.

पट्ट्याकडे सहसा दुर्लक्ष होते. होल्स्टरचे लूप बहुधा दीड इंची (सुमारे ३८ मिमी) पट्ट्यासाठी असतात, तर तयार मिळणाऱ्या लेडीज पँटचे बेल्टलूप त्याहून अरुंद. अरुंद पट्ट्यावर रुंद लूप म्हणजे सतत खाली-वर सरकणारे शस्त्र. दुहेरी चामड्याचा, आडवा धरला तर मध्ये न लोंबणारा पट्टा घ्यावा आणि पँटचे लूप शिंप्याकडून मोठे करून घ्यावेत. महागडे होल्स्टर आणि पातळ पट्टा या जोडीपेक्षा साधे होल्स्टर आणि ताठ पट्टा ही जोडी केव्हाही बरी.

जागा : उजव्या हाताने शस्त्र चालवणारीला उजव्या नितंबाचा माथा किंवा त्याच्या किंचित पुढची जागा सर्वांत सोयीची पडते. नितंबामागे, मणक्याकडे सरकवलेले होल्स्टर लपते चांगले, परंतु दुचाकीवरून पाठीवर पडल्यास मणक्याला इजा संभवते. दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या महिलांनी ही जागा टाळावी. पोटासमोरची, पँटच्या आतली जागा आखूड नळीच्या शस्त्राला चालते, पण बसताना नळीचे तोंड जांघेत रुतते. विरुद्ध बाजूचे आणि काखेतले होल्स्टर छातीच्या उभारामुळे हात आडवा नेणे अवघड करतात. गाडी चालवणारीला मात्र विरुद्ध बाजूचे होल्स्टर सोयीचे असते. गरोदरपणात पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर कंबरपट्टा जवळजवळ निरुपयोगी होतो.

पोशाख : होल्स्टरविषयीचे बहुतेक लिखाण पँट गृहीत धरून केलेले आहे. पूर्वी महिला पोलिसांना खाकी साडी असे आणि पट्टा साडीवरून बांधला जाई. साडीत निऱ्या पुढे आणि पदर डाव्या खांद्यावर जात असल्याने उजवा नितंब मोकळा राहतो, ही उजव्या हाताने शस्त्र चालवणारीसाठी सोयच. डावखुरीच्या हाताशी मात्र पदराचा घोळ येतो. परकराच्या नाडीवर पाऊण किलोचे शस्त्र टांगले की नाडी एका बाजूला ओघळते आणि काही वेळात निऱ्याही सुटू लागतात. त्यासाठी साडीखाली स्वतंत्र ताठ पट्टा हवा. सलवारीचेही तेच. पोटाला गुंडाळायची रुंद इलॅस्टिक पट्टी पंजाबी ड्रेसखाली बसते खरी, पण तिच्यातील कापडी खिसा मऊ असेल तर कापडावरूनच चाप दाबला जाण्याचा धोका राहतो. चाप झाकणारा कडक कप्पा आत बसवलेला असेल तरच ती घ्यावी. घामाने ही पट्टी भिजते, म्हणून दोन असाव्यात आणि आलटून पालटून धुवाव्यात.

पर्समध्ये शस्त्र ठेवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी भरवशाचे. पर्स खुर्चीला अडकवली जाते, हिसकावली जाते, मुलांच्या हाती लागते. अमेरिकेत आयडाहो राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये दोन वर्षांच्या मुलाने दुकानात आईच्या पर्समधील पिस्तूल काढले आणि गोळी लागून आई दगावली. त्या पर्सला शस्त्रासाठी वेगळा कप्पा होता, हे लक्षात घेण्याजोगे. पर्स वापरायचीच असेल तर त्या कप्प्यात कडक होल्स्टर हवे आणि किल्ल्या, पेन, लिपस्टिक यांतले काहीही तेथे नको.

साहित्य व जतन : चामडे अंगाच्या आकाराला येते, हा त्याचा मोठा गुण. वनस्पतिजन्य कमावणीचे चामडे होल्स्टरला चांगले, कारण क्रोम कमावणीतील क्षारांमुळे धातूवर डाग पडू शकतात. कायडेक्स हे ताठ प्लॅस्टिक १९६५ च्या सुमारास रोम अँड हास कंपनीने विमानांच्या अंतर्भागासाठी आणले. त्याचे होल्स्टर प्रथम कोणी केले याबाबत दावे अनेक आहेत. एफबीआयमध्ये काम केलेले बिल रॉजर्स यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते आणि शस्त्र हिसकावले जाऊ नये म्हणून कुलपांच्या पातळ्या ठरवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. कायडेक्स पाण्याला दाद देत नाही, पण त्याची कड उघड्या त्वचेला घासते. आत बनियन किंवा कुर्त्याचा थर हवा.

नाशिक शहरात पाऊस मध्यम असला तरी त्र्यंबक आणि इगतपुरीच्या बाजूला बंदोबस्त लागला की चामडे दिवसभर भिजते. भिजलेले होल्स्टर उन्हात किंवा चुलीजवळ वाळवले तर आक्रसते आणि शस्त्र अडकते. ते सावलीत, आत कोरडे कापड कोंबून वाळवावे. तेल अगदी थोडे, कारण तेलाने मऊ पडलेले तोंड मिटते आणि शस्त्र परत ठेवताना त्याची कड चापात जाते. रात्रभर शस्त्र चामड्यातच ठेवल्यास पोलादाला गंज धरू शकतो. सिंहस्थासारख्या गर्दीत रामकुंडाच्या परिसरात ड्यूटी असेल तर खांद्याला अडकवलेली दोरी (लॅनयार्ड) मुठीच्या कडीला बांधलेली असावी आणि होल्स्टरला किमान अंगठ्याने उघडणारी पट्टी हवी. तर्जनीने दाबायच्या कळीची होल्स्टरे काही संस्थांनी नाकारली आहेत, कारण कळ दाबणारे बोट घाईत थेट चापावर जाते.

कायदा : खासगी परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो. नाशिक शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी तो देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास दोनपेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येत नाहीत. ९ मिमी आणि .३८ ही बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य असल्याने खासगी होल्स्टर प्रामुख्याने .३२ बोअरसाठी लागते. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम धारकात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. म्हणजे शस्त्र उघडे दिसेल असे साडीवर मिरवलेले होल्स्टर गणवेशाबाहेर चालत नाही.

पारख : खरेदीपूर्वी शस्त्र रिकामे करून, चकरी (रिव्हॉल्व्हरमधील गोळ्यांचे फिरते घर) किंवा मॅगझिन व नळीचे घर (चेंबर) दोनदा तपासून, ते होल्स्टरमध्ये घालावे आणि दुकानातच स्टुलावर बसावे, बुटाची नाडी बांधावी, जिना चढावा. होल्स्टर उलटे धरून हलवले तरी शस्त्र निसटता कामा नये. चापाचे कडे बाहेरून दाबून पाहावे : आवरण आत दबत असेल तर ते घेऊ नये. शस्त्र काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडेच राहायला हवे, म्हणजे ते परत ठेवताना दुसरा हात नळीपुढे आणावा लागत नाही. नेमबाजीच्या क्रीडाप्रकारांत, उदा. १० मीटर एअर पिस्तूल, होल्स्टर लागतच नाही आणि शस्त्र पेटीतून नेले जाते. त्यामुळे रायफल क्लबात तयार झालेल्या नेमबाज मुलीलाही होल्स्टरमधून शस्त्र काढण्याचा सराव मुळापासून, रिकाम्या शस्त्रावर आणि प्रशिक्षकासमोर करावा लागतो.