आघातजन्य संधिवात

सांध्याला इजा झाल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी त्याच सांध्यात उद्भवणारा विकार. ‘आघातोत्तर अस्थिसंधिशोथ’ अशीही संज्ञा आहे (अस्थिसंधिशोथ म्हणजे सांध्याची झीज होऊन होणारा संधिवात). गुडघा व घोटा येथे तो विशेष आढळतो. अमेरिकेतील एका अंदाजानुसार लक्षणे असलेल्या अस्थिसंधिशोथापैकी सुमारे १२ टक्के या प्रकारचा असतो.

प्राचीन ग्रंथांना तो ठाऊक होता काय, यावर मतभेद संभवतो. चरकसंहितेत संधिगत वाताने सुजलेला सांधा हवा भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखा हाताला लागतो, असे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या सांध्याचे (संधिमुक्त) सहा प्रकार येतात. तथापि हे विषय वेगवेगळ्या प्रकरणांत असून संहितांचा आजचा पाठ अनेक संस्कारांतून आलेला आहे. इजेतून संधिवात उद्भवतो असा कार्यकारणभाव त्यांत वाचणे घाईचे ठरेल. एकदा नष्ट झालेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) भरून येत नाही, हे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये नोंदविले. गुडघ्यातील चंद्रकोरीच्या आकाराची गादी काढल्यानंतर क्ष-किरण चित्रात दिसणारे बदल ब्रिटिश शल्यचिकित्सक फेअरबँक यांनी १९४८ मध्ये वर्णिले.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात व चेतातंतूही नसतात. त्यामुळे ती दुखत नाही आणि भरूनही येत नाही. आघाताने तिच्यातील काही पेशी मरतात. सांध्यात उतरलेले रक्त व दाहकारक प्रथिने उरलेल्या कूर्चेतील पेशींभोवतीचे आधारद्रव्य पोखरतात. मूळ कारण सांध्यावर पडणारा बिघडलेला भार की दाह, हा वाद मिटलेला नाही. दोन्ही एकत्र काम करतात, हे मत अधिक पटते. म्हणूनच फाटलेला अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) शस्त्रक्रियेने पुन्हा घडविला, तरी पुढचा संधिवात टळेलच असे नाही.

बडोद्यात या विषयाला तालमीची पार्श्वभूमी आहे. १८८० च्या सुमारास स्थापन झालेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रो. माणिकराव हाडे बसविण्यातही निष्णात होते. तालमीतील मुलगा मल्लखांबावरून उडी घेताना कधी त्याचा पाय जमिनीत रुतून राहतो, धड वळते आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. संध्याकाळपर्यंत वाटीभोवतीचे खळगे सुजेने भरून येतात. पंधरवड्यात सूज उतरते आणि मुलगा पुन्हा खांबावर चढतो. चाळिशीच्या आत तोच गुडघा जिना उतरताना करकरतो. घरी त्याला ‘वंगण संपलं’ म्हणतात. ते वयाचे लक्षण समजणे चूक आहे. ताजी सूज असताना जोराने मालीश करणे टाळावे.

उपचारांत मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणे, वेदनाशामके व अखेरीस सांधेबदल यांचा समावेश होतो.